जुनी मेल नव्या सर्व्हरवर कशी न्यावी: नक्कल, मोजणी आणि मगच दिशाबदल

आठ-दहा माणसांचं कार्यालय, स्वतःचं डोमेन, आणि वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेली मेल. अशा ठिकाणी कधी ना कधी जागा पुरेनाशी होते, स्पॅम आवरेनासा होतो आणि मेल दुसरीकडे न्यायची वेळ येते. नवी खाती उघडणं हे तासाभराचं काम. खरी कसोटी जुन्या मेलची असते. त्यात कोटेशनं असतात, परचेस ऑर्डर असतात, सीएंना पाठवलेले कागद असतात, ग्राहकाने 'हो, चालेल' म्हटल्याची एकमेव लेखी खूण असते. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपनीला हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर मागच्या ८ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटीत हीच मुदत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आहे. आज यातली कितीतरी बिलं फक्त मेलमध्येच पडून असतात. ही मेल म्हणजे कार्यालयाचं दप्तर आहे. दप्तर जसं यादी करून, मोजून, पोच घेऊन हलवतात, तशीच ती हलवायची.

कामाचा क्रम असा: आधी नक्कल, मग फोल्डरवार मोजणी, मग डोमेनची दिशा बदलणं (म्हणजे नवी येणारी मेल नव्या सर्व्हरकडे वळवणं), आणि त्यानंतर किमान महिनाभर जुन्या सर्व्हरवरचं काहीही न पुसणं. हा क्रम उलटला की मेल हरवते. पुढचं सगळं याच क्रमाने दिलं आहे.

मेल नक्की आहे कुठे?

पहिला प्रश्न हा, कारण 'सगळी मेल सर्व्हरवर आहे' हा समज बऱ्याचदा चुकीचा निघतो. प्रत्येक माणसाच्या कॉम्प्युटरवर जाऊन त्याचं खातं आयमॅपने जोडलंय की पॉपने, ते बघा. खात्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट ९९३ किंवा १४३ दिसला तर आयमॅप. ९९५ किंवा ११० दिसला तर पॉप.

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहते आणि कॉम्प्युटरवर तिचं प्रतिबिंब दिसतं. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरते आणि, तसं सांगितलं असेल तर, सर्व्हरवरून पुसली जाते. शिवाय पॉपला इनबॉक्स सोडून दुसरा फोल्डर माहीतच नसतो. म्हणजे पॉप वापरणाऱ्याने गेल्या दहा वर्षांत पाठवलेली प्रत्येक मेल फक्त त्याच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर आहे. हिशेब सांभाळणारी व्यक्ती अनेक कार्यालयांत अजून पॉपवरच असते, आणि नेमकी तिचीच मेल सर्वांत मोलाची असते.

एका कागदावर तक्ता करा. प्रत्येक खात्यासाठी चार गोष्टी लिहा: आयमॅप की पॉप, सर्व्हरवर किती जागा व्यापली आहे, कॉम्प्युटरवर वेगळी मेल आहे का, आणि फोनवर खातं जोडलंय का. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या वेबपानावर, 'ईमेल अकाउंट्स' उघडलं की प्रत्येक खात्याची व्यापलेली जागा दिसते. कुणी न वापरणारी खातीही लिहा; नोकरी सोडून गेलेल्यांची, 'इन्फो', 'सेल्स', 'अकाउंट्स' अशा नावांची. नुसती पुढे पाठवणारी खाती, म्हणजे फॉरवर्डर, वेगळी लिहा. ती मेलबरोबर येत नाहीत, नव्या जागी हातानेच करावी लागतात.

हात घालण्याआधी तीन नोंदी

जुन्या सर्व्हरचं खरं नाव लिहून ठेवा. बहुतेक जण 'मेल डॉट आपलं डोमेन' असं नाव वापरतात. पण डोमेनची दिशा बदलली की ते नाव नव्या सर्व्हरकडे बोट दाखवायला लागतं, आणि जुन्या मेलकडे जायचा रस्ताच बंद होतो. होस्टिंगवाल्याने सुरुवातीला पाठवलेल्या पत्रात सर्व्हरचं स्वतःचं नाव किंवा आयपी पत्ता असतो. तो शोधा आणि त्या नावाने लॉगिन होतंय ना, हे आजच तपासा.

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, कुणाचे आहेत ते बघा. डोमेन एकाकडे, होस्टिंग दुसऱ्याकडे आणि नेमसर्व्हर होस्टिंगवाल्याचे, अशी रचना सर्रास असते. मेल हलवली, सगळं नीट चाललं म्हणून महिन्याने जुनं होस्टिंग बंद केलं, तर त्याच्याबरोबर डोमेनच्या सगळ्या नोंदीही जातात आणि नवी मेलसुद्धा त्याच दिवशी थांबते. होस्टिंग सोडायचं असेल तर नेमसर्व्हर आधी हलवा.

होस्टिंगची मुदत कधी संपते ती तारीख लिहा. ती दीड महिन्याच्या आत येत असेल तर एका महिन्याचं वाढीव भाडं भरा. घाईत केलेल्या बदलीपेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतं.

किती वेळ लागेल

लोक गिगाबाइट मोजतात. पण वेळ मुख्यतः मेलच्या संख्येवर ठरतो. एक-एक मेल नव्या सर्व्हरला द्यायची, त्याची पोच यायची, मग पुढची. एका फेरीला ०.२ सेकंद धरलं तरी ४०,००० मेलना ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास नुसत्या देवाणघेवाणीचे. त्यावर जोडपत्रं वर चढवण्याचा वेळ वेगळा. ब्रॉडबँडचा चढता वेग २० मेगाबिट असेल तर १ जीबी चढायला सगळं सुरळीत असताना सुमारे सात मिनिटं लागतात.

पण नव्या सर्व्हरची स्वतःची मर्यादा याहून कडक असू शकते. गूगलच्या मेलमध्ये आयमॅपने एका खात्यात दिवसाला ५०० एमबी इतकीच मेल चढवता येते, उतरवायची मर्यादा २,५०० एमबी आहे. म्हणजे ६ जीबीची पेटी तिथे न्यायला किमान बारा दिवस लागणार. ही मर्यादा ओलांडली की खातं काही काळ आयमॅपसाठी बंद होतं, आणि नवख्याला वाटतं आपला पासवर्डच चुकला. त्यामुळे एवढी मोठी पेटी गूगलकडे न्यायची तर त्यांनी प्रशासकासाठी दिलेली स्थलांतराची सोय वापरा. मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक मेलमध्येही प्रशासकाच्या पानावर आयमॅप स्थलांतर आहे. त्यात एका पेटीतून जास्तीत जास्त ५,००,००० मेल आणि ३५ एमबीपर्यंतची एक मेल, अशी हद्द आहे. आधी सर्वांत नवी मेल, मग जुनी असा त्याचा क्रम असतो, त्यामुळे हद्द लागली तर मागे राहते ती सर्वांत जुनी मेल.

३५ एमबी वाचून 'आमची ड्रॉइंग तर २८ एमबीचीच आहेत' असं म्हणून निश्चिंत होऊ नका. मेलमध्ये जोडपत्र अक्षरांत बदलून जातं, दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. २८ एमबीचं जोडपत्र मेलमध्ये ३७ एमबीच्या पुढे जातं.

पासवर्डचं प्रकरण

साध्या होस्टिंगवर खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालतो. गूगलच्या खात्यात बाहेरचा प्रोग्रॅम पासवर्डने जोडायचा तर आधी दुहेरी पडताळणी सुरू करावी लागते आणि मग १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक मेलमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून आयमॅपला नुसता पासवर्ड देऊन आत जाण्याची पद्धत बंद करायला सुरुवात झाली. तिथे ब्राउझरमध्ये लॉगिन करून परवानगी द्यावी लागते, आणि प्रोग्रॅममध्ये 'ओऑथ२' हा प्रकार निवडावा लागतो.

प्रत्येकाचा पासवर्ड मागत फिरण्यापेक्षा सीपॅनेलमधून बदलीच्या दिवशी तात्पुरता नवा पासवर्ड लावता येतो. पण सावध राहा. त्या माणसाचा फोन आणि कॉम्प्युटर जुन्या पासवर्डने सर्व्हरचं दार ठोठावत राहतात. पाच-दहा वेळा चुकलं की सर्व्हरचा पहारेकरी प्रोग्रॅम तो आयपी पत्ता अडवतो. तो पत्ता कार्यालयाचा असतो, त्यामुळे एकाच्या फोनपायी सगळ्यांची मेल बंद पडते. आधी फोनवरचं खातं बंद करा, मग पासवर्ड बदला.

पद्धत पहिली: थंडरबर्डने हाताने

पाच-सहा खाती आणि प्रत्येकी ५ जीबीपर्यंत मेल असेल, तर थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. शिकण्यासाठी हीच पद्धत चांगली.

१. कॉम्प्युटरवर मेलच्या दुप्पट जागा मोकळी आहे ना, बघा. जुनं खातं आयमॅपने जोडा. मेल पत्ता टाकला की थंडरबर्ड सेटिंग स्वतः शोधू पाहतो. ते मानू नका, 'मॅन्युअल कॉन्फिगरेशन' उघडा आणि जुन्या सर्व्हरचं लिहून ठेवलेलं खरं नाव, पोर्ट ९९३ आणि 'एसएसएल/टीएलएस' भरा.

२. तसंच नवं खातं जोडा, नव्या सर्व्हरच्या नावाने. दोन्ही खात्यांचा मेल पत्ता एकच असल्याने डाव्या यादीत ती सारखीच दिसतील. लगेच खात्यांची नावं बदलून 'जुनं' आणि 'नवं' अशी ठेवा. ही दहा सेकंदांची गोष्ट आहे, पण ती न केल्याने उलट्या दिशेला नक्कल झाल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

३. 'जुनं'वर उजवी टिचकी मारून 'सबस्क्राइब' उघडा आणि यादीतल्या प्रत्येक फोल्डरवर खूण आहे का पाहा. आयमॅपमध्ये खूण नसलेला फोल्डर सर्व्हरवर असतो, पण प्रोग्रॅमला दिसत नाही. वेबमेलमधून कधीकाळी केलेले '२०१४-१५ जुनं' असले फोल्डर हमखास इथे लपलेले असतात.

४. जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा, सगळ्या फोल्डरमधली मेल या कॉम्प्युटरवर ठेवायला सांगा आणि वयाची अट काढून टाका. मग उतरू द्या. रात्रभर लागली तरी चालेल, फक्त कॉम्प्युटर झोपी जाणार नाही असं ठेवा. पूर्ण उतरल्यावर थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर (ज्यात तो सगळी मेल आणि सेटिंग ठेवतो) बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ही तुमची पहिली राखीव प्रत.

५. नव्या खात्यात फोल्डर तयार करा. 'सेंट', 'ड्राफ्ट्स', 'ट्रॅश' तिथे आधीच असतील. ते पुन्हा करू नका. जुन्याकडे 'सेंट आयटम्स' आणि नव्याकडे 'सेंट' असेल तर जुन्यातली मेल नव्याच्या 'सेंट'मध्ये टाका, नाहीतर पाठवलेल्या मेलचे दोन ढीग कायमचे होतात.

६. जुना फोल्डर उघडा, मेल संवादांच्या गटांत न दाखवता सुट्या दाखवा आणि तारखेप्रमाणे लावा. पहिल्या दहा मेल निवडा, उजवी टिचकी, 'कॉपी टू', नवं खातं, फोल्डर. ओढून टाकू नका. ओढताना नक्कल होतेय की मेल हलतेय, हे घाईत कळत नाही. आणि 'मूव्ह'ला तर या कामात हातच लावू नका. मध्येच लाइन गेली तर 'कॉपी'त जुनं शाबूत राहतं.

७. या दहा मेल आता फोनवर उघडून बघा. इथे थांबून बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढची सर्वांत सामान्य चूक इथेच पकडता येते.

प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. एक मेलच्या आत लिहिलेली, पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरने टाकलेली. दुसरी सर्व्हरची स्वतःची, ती पेटीत कधी पडली याची. नक्कल करणारा प्रोग्रॅम मेल देताना ही दुसरी तारीखही देऊ शकतो. नाही दिली तर सर्व्हर त्या क्षणाची तारीख लावतो. कॉम्प्युटरवर पहिली तारीख दिसत असल्याने सगळं ठीक वाटतं, पण काही फोन आणि वेबमेल दुसऱ्या तारखेने लावतात, आणि तिथे २०१२ ची मेल आज आल्यासारखी सर्वांत वर येऊन बसते. दहा मेलवर हे कळलं तर दहा पुसून दुसरी पद्धत धरता येते. चाळीस हजारांवर कळलं तर सगळंच पुन्हा.

८. तारखा नीट असतील तर आता ५०० ते १,००० च्या गठ्ठ्यांनी कॉपी करा. खाली चाललेली प्रगती बघत राहा, एक गठ्ठा संपेपर्यंत दुसरा लावू नका. मध्येच अडकलं तर नव्या फोल्डरमध्ये शेवटच्या गठ्ठ्याच्या जेवढ्या मेल आल्या तेवढ्या पुसा आणि तो गठ्ठा पुन्हा द्या. तारखेप्रमाणे लावलेलं असल्याने कुठे थांबलं ते लगेच दिसतं.

'ट्रॅश' आणि 'स्पॅम' नेऊ नका, पण ते मागे सोडण्याआधी त्या माणसाला विचारा. कचऱ्याच्या पेटीत महत्त्वाची मेल 'सांभाळून' ठेवणारे लोक खरंच असतात.

पॉपवाल्यांची मेल

थंडरबर्डमध्ये पॉप असेल तर सोपं आहे. ती मेल पॉप खात्याच्या किंवा 'लोकल फोल्डर्स'च्या खाली दिसते, तिथून वरच्यासारखीच नव्या आयमॅप खात्यात कॉपी करायची.

आउटलुकमध्ये असेल तर सगळं एका पीएसटी फाइलमध्ये असतं. आउटलुकमध्येच नवं आयमॅप खातं जोडून फोल्डर कॉपी करता येतात, पण आउटलुक मेल आहे तशी न देता स्वतःच्या पद्धतीने पुन्हा रचून देतो. म्हणून दहा मेलची चाचणी इथे दुप्पट काळजीने करा: तारीख, जोडपत्र आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, तिन्ही बघा. पत्त्याच्या जागी नुसतं नाव उरलेलं असेल तर ती पद्धत सोडा. लिनक्सवर 'रीडपीएसटी' नावाचा छोटा प्रोग्रॅम पीएसटी फाइल उलगडून एमबॉक्स फाइली करतो, फोल्डरची उतरंडही राखतो. त्या फाइली थंडरबर्डच्या 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' या जोडीच्या प्रोग्रॅमने आत घ्यायच्या आणि मग नव्या खात्यात कॉपी करायच्या. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या पीएसटीला २ जीबीची हद्द होती, आणि त्या हद्दीला टेकलेली फाइल बहुधा बिघडलेली असते. अशी फाइल आधी आउटलुकबरोबर येणाऱ्या दुरुस्तीच्या 'स्कॅनपीएसटी'मधून काढा, तेही तिच्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही.

एमबॉक्सचा एक जुना दोष इथे कळून घ्या. या फाइलमध्ये सगळ्या मेल एकाखाली एक असतात, आणि नवी मेल सुरू झाल्याची खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा. एखाद्याने मजकुरातच 'फ्रॉम मंडे वी विल...' अशी ओळ लिहिली असेल आणि जुन्या प्रोग्रॅमने तिच्यापुढे बचावाचं चिन्ह लावलं नसेल, तर मेल तिथे चिरली जाते. आत घेतल्यावर यादीत पाठवणारा नाही, विषय नाही, तारीख १९७० ची अशा मेल दिसल्या तर कारण हेच. मेल हरवलेली नसते, तिचा अर्धा भाग आधीच्या मेलखाली असतो.

पद्धत दुसरी: आयमॅपसिंक

दहाच्या पुढे खाती गेली की हाताने करणं म्हणजे चुकांना आमंत्रण. तेव्हा आयमॅपसिंक वापरा. पर्ल भाषेतला हा प्रोग्रॅम कमांड लाइनवर चालतो, दोन्ही सर्व्हरशी आयमॅपने बोलतो आणि नव्याकडे नसलेल्याच मेल नेतो. त्यामुळे तो कितीही वेळा चालवला तरी दुप्पट होत नाही, मध्येच तुटला तर पुन्हा तीच ओळ चालवायची. वाचलेली, उत्तर दिलेली, तारांकित या खुणा आणि सर्व्हरची तारीखही तो नेतो.

त्याला सहा गोष्टी लागतात: दोन्ही सर्व्हरची नावं, दोन्ही युजर, दोन्ही पासवर्ड. पर्यायांच्या नावांना १ जोडला की जुना, २ जोडला की नवा. हे उलटं टाकलं तर रिकाम्या पेटीची नक्कल भरल्या पेटीत होते. त्याने नुकसान होत नाही, पण वेळ जातो. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, त्या मशीनवरच्या इतरांना चालू प्रोग्रॅमच्या यादीत ते दिसू शकतात. त्यासाठी 'पासफाइल' हा पर्याय आहे, आणि ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येईल अशी ठेवा.

पहिल्यांदा 'जस्टलॉगिन'ने चालवा, दोन्हीकडे दार उघडतंय का ते कळेल. मग 'जस्टफोल्डरसाइझेस'ने, त्यातून जुन्या फोल्डरांची मोजदाद मिळते, ती जपून ठेवा. मग 'ऑटोमॅप' आणि 'ड्राय' एकत्र लावा. ऑटोमॅप जुन्याचं 'सेंट आयटम्स' नव्याच्या 'सेंट'शी जुळवतो, आणि ड्राय असल्याने प्रत्यक्ष काही न करता काय करणार ते सांगतो. ती यादी वरून खालपर्यंत वाचा. एखाद्या सर्व्हरवर सगळे फोल्डर 'इनबॉक्स'च्या पोटात असतात आणि नावांत टिंब वापरलेलं असतं, दुसऱ्यावर ते सुटे असतात आणि तिरकी रेघ असते. हा फरक आयमॅपसिंक बहुधा स्वतः ओळखतो, पण खात्री याच यादीतून करायची. यादी पटली की ड्राय काढून खरं चालवा.

मेल ओळखायला तो मेलच्या आतला संदेश क्रमांक आणि टपालाचे शिक्के वापरतो. ड्राफ्टमध्ये आणि काही जुन्या पाठवलेल्या मेलमध्ये हे दोन्ही नसतात, म्हणून तो त्या वगळतो. शेवटच्या अहवालात अशा वगळलेल्या मेलचा आकडा दिसला तर 'ॲडहेडर' पर्याय लावून पुन्हा चालवा.

'डिलीट१' आणि 'डिलीट२' हे पर्याय नवख्याने वापरू नयेत. पहिला जुन्या पेटीतून नेलेली मेल पुसतो. दुसरा त्याहून घातक: जुन्याकडे नसलेली प्रत्येक मेल नव्याकडून पुसतो. दिशा बदलल्यानंतर तो चालवला, तर त्या दिवशी नव्या पेटीत आलेली सगळी ताजी मेल जाते.

शक्य असेल तर हा प्रोग्रॅम कार्यालयातल्या लाइनवर न चालवता महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या सर्व्हरवर चालवा. वीज गेली, वायफाय पडलं, याची चिंता उरत नाही.

मराठी फोल्डर, मराठी मजकूर

'खरेदी', 'सोसायटी', 'गणपती वर्गणी' अशी फोल्डरची नावं आयमॅप थेट देवनागरीत ठेवत नाही. जुन्या नियमांनुसार ती रोमन अक्षरांच्या एका संकेतात जातात, 'अँड'च्या चिन्हाने सुरू होऊन डॅशने संपणाऱ्या. अहवालात किंवा सर्व्हरच्या डिस्कवर असं अगम्य नाव दिसलं तर घाबरू नका आणि ते सुधारायला जाऊ नका. थंडरबर्डमध्ये उघडलं की देवनागरी दिसेल. उघडल्यावरही तो संकेतच दिसत असेल, तर मात्र कुणीतरी तो पुन्हा एकदा संकेतात घातला आहे. मग फोल्डरचं नाव नव्या खात्यात हाताने बदला.

मजकुराचं वेगळं आहे. युनिकोड सर्वत्र यायच्या आधीच्या कित्येक मराठी मेल श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या मेलमध्ये मुळात रोमन संकेतच आहेत, फाँट त्यांना मराठी रूप द्यायचा. नव्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसल्याने निरर्थक अक्षरं दिसतात आणि दोष बदलीला दिला जातो. जुन्या सर्व्हरच्या वेबमेलमध्ये तीच मेल उघडा. तिथेही तशीच दिसली तर बदली निर्दोष आहे. मजकूर हवा असेल तर तो त्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल.

मोजणी

प्रत्येक खातं, प्रत्येक फोल्डर, जुन्याची संख्या आणि नव्याची संख्या. तक्त्यात दोन रकाने वाढवा आणि भरा. जागेचा आकडा जुळवत बसू नका, ओळीचा शेवट कसा ठेवायचा यात सर्व्हरांमध्ये फरक असतो, दाबून ठेवण्याच्या पद्धतीही वेगळ्या, त्यामुळे तो सहसा जुळत नाही. संख्या जुळली पाहिजे.

नव्याकडे कमी निघाल्या तर आधी मोठ्या मेल आणि वर सांगितलेले ड्राफ्ट तपासा, मग नव्या पेटीची जागा संपली का ते. नव्याकडे जास्त निघाल्या तर एखादा गठ्ठा दोनदा गेलाय. पुसलेल्या मेल परत आल्या असं कुणी म्हणालं, तर जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या 'पुसायच्या' अशी खूण लागून पडलेल्या होत्या, प्रत्यक्षात पुसल्या गेल्याच नव्हत्या.

संख्या जुळल्यावर प्रत्येक खात्यात तीन मेल उघडून बघा: सर्वांत जुनी, सर्वांत मोठ्या जोडपत्राची, आणि एक मराठी.

दिशा बदलणं

डोमेनच्या एमएक्स नोंदी जगाला सांगतात की या डोमेनची मेल कुठे टाकायची. या नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती सेकंद लक्षात ठेवायची, बदलाच्या दोन दिवस आधी ३०० करा. मग शनिवारी संध्याकाळी एमएक्स बदला, जुन्याची एकही नोंद मागे ठेवू नका.

त्याच बैठकीत एसपीएफची नोंद सुधारा; या डोमेनच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, ते ती सांगते. ती एकच असली पाहिजे. जुनी तशीच ठेवून दुसरी वाढवली तर दोन्ही बाद ठरतात. ती तपासताना इतर डोमेन-नोंदींकडे कराव्या लागणाऱ्या चौकश्या दहाच्या पुढे गेल्या तरी ती नापास होते. नव्या सर्व्हरची डीकेआयएम नोंद, म्हणजे पाठवलेल्या मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली, टाका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यातलं काही नसलेल्या डोमेनची मेल अडवू लागले आहेत, त्यामुळे हे राहिलं तर सोमवारी सकाळी तुमची कोटेशनं ग्राहकाच्या स्पॅममध्ये असतील.

आता एक अशी गोष्ट, जी कागदावर सगळं बरोबर असूनही मेल गिळते. वेबसाइट जुन्याच होस्टिंगवर असेल, तर वेबसाइटचा चौकशी फॉर्म मेल पाठवतो तेव्हा तो सर्व्हर एमएक्स बघतच नाही. 'हे डोमेन माझंच आहे' असं समजून तो मेल स्वतःच्याच जुन्या पेटीत टाकतो. बाहेरून आलेली मेल व्यवस्थित मिळते, फक्त वेबसाइटवरच्या चौकश्या येत नाहीत, आणि हे कुणाच्या लक्षात यायला आठवडे जातात. सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडून 'लोकल'ऐवजी 'रिमोट मेल एक्स्चेंजर' निवडा. मग फॉर्म स्वतः भरून बघा.

रविवारी आणि पुन्हा मंगळवारी आयमॅपसिंक परत चालवा. बदलाच्या काळात जुन्या पेटीत पडलेल्या मेल त्यात येतील. हाताने केलं असेल तर जुनी पेटी उघडून शनिवारनंतरच्या मेल कॉपी करा.

पॉपवर राहणारं कुणी असेल तर त्यांना आधी सांगा. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' असं सेटिंग असलेला प्रोग्रॅम मेलला सर्व्हरने दिलेल्या ओळखक्रमांकाने ओळखतो. नवा सर्व्हर नवे क्रमांक देतो, त्यामुळे इनबॉक्समधली सगळी मेल त्याला नवीन वाटते आणि ती पुन्हा एकदा पूर्ण उतरते. हीच वेळ साधून त्यांना आयमॅपवर आणा.

मेलबरोबर न येणाऱ्या गोष्टी

आयमॅप फक्त मेल नेतो. पत्त्यांची वही व्हीकार्ड किंवा सीएसव्ही फाइलने वेगळी न्यावी लागते, कॅलेंडर आयसीएस फाइलने. मेल आपोआप फोल्डरांत टाकणारे नियम, सुट्टीचं स्वयंउत्तर, सही, फॉरवर्डर हे सगळं हाताने. स्कॅन करून मेल पाठवणारा झेरॉक्सचा प्रिंटर, टॅली, सीसीटीव्हीची पेटी यांच्यातही जुन्या सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड भरलेला असतो. त्या तक्रार करत नाहीत, नुसत्या गप्प होतात. एकेक शोधून बदला.

डोमेन तेच राहिलं तर पत्ता तोच राहतो, म्हणून जीएसटी, आयकर आणि बँकेच्या ठिकाणी काही करावं लागत नाही. पत्ताही बदलत असेल तर हे तीन सर्वांत आधी बदला, जुनी पेटी चालू असतानाच. पुष्कळदा बदलाची पुष्टी जुन्याच पत्त्यावर येते.

महिनाभराने जुनी पेटी शेवटची उघडा. इनबॉक्समध्ये गेल्या दोन आठवड्यांत एकही नवी मेल नसेल, तर सीपॅनेलच्या 'बॅकअप'मधून पूर्ण प्रत उतरवा आणि ती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्या प्रतीत प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल असते, 'कर' (cur) आणि 'न्यू' (new) अशा फोल्डरांत. फाइलच्या नावाच्या शेवटी स्वल्पविरामानंतर एस असेल तर वाचलेली, आर असेल तर उत्तर दिलेली, एफ असेल तर तारांकित. साध्या संपादकात उघडली तरी साधा इंग्रजी मजकूर बहुधा वाचता येतो, म्हणून ही प्रत आणखी वीस वर्षांनीही कामाची राहील. दोन्ही डिस्कवरची प्रत उलगडून प्रत्येकी एक मेल उघडून बघा, आणि मगच होस्टिंगवाल्याला खातं बंद करायला कळवा.